बंद स्क्रीनमागचं पत्र

आक्का,

परवा तुझी शिवगणाराधना झाली, तू गेल्यानंतरचा विधी आणि जेवण. मी वरणाची बादली घेऊन पंगतीत वाढत होतो आणि भिंतीकडच्या ओळीत आपल्या गल्लीतल्या दोघी तुझ्याबद्दल बोलत होत्या. चांगलंच बोलत होत्या. आजाऱ्याच्या उशाशी बसायची, कुणाचं कार्य असलं की न बोलावता पदर खोचून उभी राहायची, असं सगळं. मग त्यातली एक म्हणाली, "बाकी सोनं होती बाई. फकस्त पोटात गोष्ट ठरत न्हवती तिच्या. त्या मास्तरणीचं काय झालं बघा की." दुसरीनं मान हलवली आणि मला वरण मागितलं.

मी दोन पळ्या वाढल्या आणि पुढच्या पानाकडं सरकलो. तिथंच बादली खाली ठेवून बोलायला पाहिजे होतं, पण नाही बोललो. मला लाज वाटली, आणि ती लाज अजून उतरली नाही. तुझ्या पोटात काय काय ठरत होतं हे मला ठाऊक आहे. तुझ्या नावाला हा जो डाग लागला तो माझ्यामुळं लागला, हेही मला ठाऊक आहे, आणि तुला तर होतंच. तो पुसायचा म्हणून हे लिहायला बसलोय. हे तुझ्याशिवाय चार लोक वाचणार आहेत, त्यामुळं तुला पाठ असलेलंच परत सांगीन. कंटाळू नकोस. तशीही तू माझं बोलणं कधी पूर्ण ऐकून घेतलं नाहीस.

तू अंबाजोगाईच्या टेलिफोन एक्सचेंजात ऑपरेटर होतीस. तेव्हा फोनला नंबर फिरवायचा नसायचा. रिसीव्हर उचलला की तू 'नंबर?' म्हणायचीस. पुण्या-मुंबईला बोलायचं तर ट्रंक कॉल लावून लोक दिवस दिवस बसून राहायचे. एकदा मी डबा द्यायला आलो तेव्हा तुझं काम बघितलं होतं. लाइन जोडलीस, दोन्हीकडनं 'हॅलो' येईस्तोवर कान दिलास, आणि 'हॅलो' आलं की लगेच एक खटका मागं ओढलास. तो ओढला की तुला काही ऐकू येत नाही, असं तू सांगितलंस. मी विचारलं, नाही ओढला तर? तू म्हणालीस, "तर ऐकू येतंय." तो ओढलाय का हे बघायला तिथं कुणी उभं नसायचं.

तरी काही ना काही कानावर पडायचंच. आई तुला भाकरी वाढता वाढता हळूच विचारायची, अमक्याच्या घरी काय चाललंय गं? तू म्हणायचीस, "लाइन खराब होती, काय ऐकू आलं न्हाई." दहा वर्षं तुझी लाइन खराबच होती. आपल्या चुलत बहिणीचं लग्न मोडलं तेव्हा तर कहरच झाला. पोराकडच्यांचं नकार द्यायचं बोलणं तुझ्या कानावर पडलं होतं, आणि तू घरी येऊन गप्प बसलीस. काकू दोन दिवस साड्या बघत फिरल्या. नकाराची तार आली तेव्हा आईच्या लक्षात आलं की तुला आधीच माहीत होतं. महिनाभर ती तुझ्याशी बोलली नाही. तू एवढंच म्हणालीस, की ते बोलणं माझ्यासाठी नव्हतं.

पुढं ऑटोमॅटिक एक्सचेंज आलं आणि तुला बिलाच्या खिडकीवर बसवलं. गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ झाले. जिकडं तिकडं कंपन्या, जाहिराती, नव्या गाड्या. मला वाटायचं, आता खरं जग सुरू झालं. मग इंटरनेट आलं आणि मी कॉलेज रोडला कॅफे टाकला. तीन कॉम्प्युटर, मधे प्लायवूडच्या फळ्या, दारात बोर्ड. तू नारळ फोडायला आलीस आणि पहिल्याच दिवशी माझी इज्जत काढलीस.

कनेक्शन देणाऱ्या कंपनीचा माणूस पुण्याहून आला होता. उन्हाळ्यात टाय लावून. तो सगळ्यांना समजावून सांगत होता, की इथून पत्र निघालं की थेट समोरच्याच्या पेटीत, पूर्ण सुरक्षित. तू मागून विचारलंस, "मधी कोण बसतंय?" तो हसला. म्हणाला, मॅडम, मध्ये कोणी नसतं, सगळं ऑटोमॅटिक आहे. तू म्हणालीस, "आमच्या एक्सचेंजात बी पाटी होती, संभाषण गुप्त राहील म्हणून. त्या पाटीखाली मी बसलेली असायची." लोक हसले. तो बिचारा टाय सैल करून चहा प्यायला गेला आणि मी तुझ्यावर भडकलो. तुला नवीन काही बघवतच नाही, असं काहीतरी बोललो. तू नारळाचं खोबरं वाटत राहिलीस.

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते संपलंच नाही. मला त्यात मजा यायची, खरं सांगतो. तू दुपारी डबा घेऊन यायचीस, रिकाम्या मशीनपुढं बसायचीस आणि एक एक प्रश्न काढायचीस. मी आपल्या गावाचं एक पान केलं होतं इंटरनेटवर, बातम्यांचं. मराठी अक्षरं नीट उमटेनात, तरी केलं. जागा एका कंपनीनं फुकट दिली होती. "फुकट कावून देती?" मी म्हणालो, ते त्यावर आपल्या जाहिराती लावतात. तू म्हणालीस, "मंजी बाजारात औषध इकणारा गारुड्याला संगं आणतो, तसं. गारुडी तू. साप बी तूच आणायचा." दुसऱ्या दिवशी तुझं लक्ष पानाच्या तळाच्या आकड्याकडं गेलं. मी ऐटीत सांगितलं, एवढ्या जणांनी बघितलंय. तू विचारलंस, एकाच माणसानं दहादा बघितलं तर? म्हटलं, दहा. तू माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, "मग त्यो तूच हायस." आणि खरंच मीच होतो, आक्का. सकाळी शटर उघडलं की देवाला उदबत्ती लावायच्या आधी मी तो आकडा बघायचो.

बातमी वाचताना तुझा ठरलेला प्रश्न असायचा, हे कुणी लिहिलंय? मी म्हणायचो, साइटवर आलंय. "साइटला हात हायेत का?" मग मी चिडायचो. तेव्हा मला वाटायचं की शिकलेल्या माणसानं असले प्रश्न विचारू नयेत.

पण तुला सगळ्यात जास्त टोचायची ती माझी वही. लोकांना पासवर्ड लक्षात राहायचे नाहीत, म्हणून सगळ्यांचे मी एका वहीत लिहून ठेवायचो, वही काउंटरला सुतळीनं टांगलेली. सिरसाळ्याहून हाफिजभाई फोन करायचे. पंखे-मोटारी दुरुस्त करणारा साधा माणूस, पोरगा दुबईला. म्हणायचे, दिलीपभाऊ, पोराचं काही आलं का बघा जरा. मी त्यांची पेटी उघडून फोनवर वाचून दाखवायचो, चार गिऱ्हाईकांपुढं. पोराला ताप येऊन गेला हे त्यांच्या घरी कळायच्या आधी माझ्या दुकानात कळायचं. मला वाटायचं, मी सेवा करतोय. तू म्हणालीस, वाचून दाखव, त्यांनी सांगितलंय. पण चहाच्या टपरीवर कशाला सांगतो? मी म्हटलं, त्यात काय, चांगल्याच गोष्टी असतात. तू म्हणालीस, "चांगली असू का वाईट, ती त्यांची हाय." मी ते हसण्यावारी नेलं.

आता त्या बाईंचं. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही, त्यांचं गावही लिहीत नाही, एकदोन खुणा मुद्दाम बदलल्या आहेत. शाळेत शिकवायच्या, तरुणपणी नवरा गेलेला, सासूजवळ राहायच्या. तुझ्या सगळ्यात जवळची मैत्रीण. त्यांना माझ्याकडं खातं उघडायचं होतं तेव्हा तूच त्यांना बजावलं होतंस, की खुणेचा शब्द स्वतःचा ठेव, दिलीपला पण सांगू नको. त्यांनी तसंच केलं. माझ्या वहीत सगळे होते, नव्हतं ते फक्त त्यांचं नाव. टाइप करताना एका हातानं कीबोर्ड झाकायच्या. मी चेष्टा करायचो.

त्यांचं एका विधुर गृहस्थांशी जमत होतं. ते दोघं पत्रानं बोलायचे, माझ्या कोपऱ्यातल्या मशीनवरून. दिवाळी झाली की सासूला आपण स्वतः सांगायचं, असं बाईंनी ठरवलं होतं. हे जगात फक्त तुला माहीत होतं. माझ्या बहिणीला, म्हणजे तुला, सगळं माहीत होतं, आणि मला त्यातलं अक्षर ठाऊक नव्हतं.

एका दुपारी मधल्या सुट्टीत त्या आल्या, बसल्या, शाळेची वेळ झाली तशा घाईनं उठल्या आणि स्क्रीनचं बटन दाबून गेल्या. त्या काळी बरेच लोक असंच करायचे, स्क्रीन काळी झाली म्हणजे सगळं बंद झालं असं त्यांना वाटायचं. मी काउंटरवरून बघितलं. आत पत्र उघडंच आहे हे मला कळलं. पुढचं गिऱ्हाईक बसवायचं म्हणून मी उठलो, बटन दाबलं, आणि पत्र समोर आलं. एक खिडकी बंद करायला किती वेळ लागतो? मी वाचलं. पहिली ओळ चुकून वाचली असं म्हणता येईल. पण मी शेवटपर्यंत वाचलं, वर सरकवून आधीचंही वाचलं.

वाईट मनात नव्हतं, हे तुला पटलं होतं का मला माहीत नाही. मला आनंद झाला होता. बाईंचं चांगलं होतंय, आणि ते माझ्या दुकानातून होतंय! दोन दिवसांनी मी माझ्या पानावर बातमी टाकली, 'इंटरनेटनं जुळवली लग्नगाठ'. आमच्या शहरातील एका शिक्षिकेच्या आयुष्यात, वगैरे. अकाली वैधव्य, सासूची सेवा, त्या विधुर गृहस्थांचं ऑफिस, सगळं घातलं. नाव घातलं नाही म्हणजे मी जबाबदार पत्रकार झालो. आपल्या गावात अशा शिक्षिका होत्या किती, एवढा साधा हिशेब माझ्या डोक्यात आला नाही. मी तुला बोलावून ती दाखवली. तू वाचलीस, मग उठलीस आणि घरी गेलीस. डबा तसाच राहिला.

त्या दिवशी आकडा कधी नव्हे एवढा वर गेला, आणि त्या वेळी तो एकटा मी नव्हतो.

बाईंच्या सासूला ते शेजारणीनं सांगितलं. ती म्हातारी म्हणाली म्हणे, तू तुझ्या तोंडानं सांगितलं असतं तर मी अक्षता टाकल्या असत्या, पण मला हे लोकांकडनं ऐकावं लागलं. तिसऱ्या दिवशी मी बातमी काढली, पण तोवर पुण्याच्या कुठल्याशा मोठ्या साइटनं ती उचलली होती, आपल्या गावाच्या नावासकट. तिथून ती त्या गृहस्थांच्या ऑफिसात पोचली. लोकांनी कागदावर छापून टेबलाटेबलावरून फिरवली. ते घाबरले आणि मागं सरले. मी त्या साइटला पत्रं लिहिली, ही बातमी काढा म्हणून. दर वेळी पुढच्याच मिनिटाला उत्तर यायचं, की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. फोन नंबर कुठं नव्हता, माणसाचं नाव कुठं नव्हतं. त्या टायवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, ते आमच्याकडं येत नाही. तुझ्या एक्सचेंजात निदान तू होतीस. चिडलेला माणूस येऊन तुझ्या खिडकीशी भांडायचा तरी. मी कुणाशी भांडू?

मग बाई आपल्या घरी आल्या. तू स्वयंपाकघरात होतीस, मी शेजारच्या खोलीत. त्या रडत नव्हत्या. म्हणाल्या, "मशीनला माझं कुलूप होतं. शब्द कुणालाच ठाऊक नव्हता. तोंडानं मी फक्त तुला बोलले होते. तू भावाला सांगितलंस."

मशीनवर त्यांचा विश्वास होता, कारण पूर्ण सुरक्षित असं आम्हीच त्यांना सांगितलं होतं. म्हणून मग माणूसच खोटा ठरला. तू दाराकडं बघितलंस. मी दारातच उभा होतो. माझ्याकडं बघत तू त्यांना म्हणालीस, "म्या न्हाई सांगितलं." एवढंच. बाई चहा तसाच ठेवून निघून गेल्या आणि महिन्याभरात बदली मागून लांब गेल्या.

दुसऱ्या दिवशी तू कॅफेत आलीस आणि विचारलंस, कसं वाचलंस? मी सगळं सांगितलं. तू म्हणालीस, आता जा आणि त्यांना सांग. मी म्हणालो, हे बाहेर फुटलं तर दुकानात कुत्रं फिरकणार नाही, दिलीप लोकांची पत्रं वाचतो म्हणतील. तू म्हणालीस, वाचतोसच की. मी म्हटलं, मग तूच सांग ना त्यांना. त्यावर तू जे बोललीस ते मला रोज ऐकू येतं.

"म्या सांगितलं तर ती चुगली हुती. तू सांगितलं तर कबुली. म्या तुझी चुगली न्हाई करायची."

तीन वर्षं केली नाहीस. गल्लीतल्या बायका तू आलीस की विषय बदलायच्या, तुला कळायचं. कुणी आपलं दुखणं तुला सांगेना झालं. जिच्यापाशी सगळं गाव येऊन मन मोकळं करायचं, तिच्यापाशी हवापाण्याच्या गप्पा. घरात मी तुझ्यासमोर बसून जेवत होतो, आणि तू मला वाढत होतीस. मी ती वही जाळली. प्रत्येक मशीनवर चिठ्ठी लावली, की नुसती स्क्रीन बंद करून पत्र बंद होत नाही, आधी पेटी बंद करा. लोक म्हणाले, दिलीपभाऊ लई काळजी घेतात. मी ते ऐकून घेतलं. कॅफेत तू परत पाऊल टाकलं नाहीस, पण डबा रोज दाराच्या पायरीवर ठेवून जायचीस. आक्का, तू एकदा तरी मला शिव्या द्यायला पाहिजे होत्यास. मला तुझा राग येतो कधी कधी, की तू एवढी चांगली का वागलीस.

दवाखान्यात शेवटच्या दिवसांत तू फार बोलत नव्हतीस. मी आलो की विचारायचीस, "जाऊन आला का?" मी म्हणायचो, येत्या रविवारी. तू म्हणायचीस, "बरं." असे दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी तू नव्हतीस.

काल मी गेलो. दोन एसट्या बदलून बाईंच्या शाळेत पोचलो. त्यांना तू गेल्याचं कळलं होतं, तरी आल्या नव्हत्या. व्हरांड्यात उभ्या उभ्याच मी सगळं सांगितलं. स्क्रीन, बटन, पत्र, बातमी. वर्गातली पोरं पाढे म्हणत होती. बाईंनी मधे एकदाही अडवलं नाही. सांगून झालं तेव्हा मला वाटलं, आता या मला मारतील, आणि बरं होईल.

त्या म्हणाल्या, "दर दिवाळीला तिचा फोन यायचा शाळेत. आवाज ओळखला की मी ठेवून द्यायचे. तीन दिवाळ्या." मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, ती माझ्याजवळ मागू नकोस, मलाच कुणाजवळ तरी मागायची आहे आणि ते माणूस तू मला ठेवलं नाहीस. मी विचारलं, मी हे लिहू का, आपल्या गावच्या साप्ताहिकात? लोक अजून तिला बोलतात. त्यांनी डोळे पुसले आणि एकदम बाईंच्या आवाजात बोलल्या, वर्गात बोलतात तसं. "लिही. माझं नाव घालू नको. तुझं घाल. 'एका गृहस्थाने' असं लिहून सुटू नको."

मी होय म्हणालो. निघताना त्यांनी विचारलं, तिला शेवटी त्रास झाला का? मी म्हटलं, फार नाही. तेवढं एक मी खोटं बोललो आक्का, ते माझ्या नावावर धर.

संपादक म्हणतात, नाव कशाला घालता, धंदा बसेल. बसू दे. दिलीप विश्वनाथ कोरे, राहणार अंबाजोगाई, कॉलेज रोडला माझा कॅफे आहे. बाईंचं पत्र मी वाचलं. मी छापलं. तीन वर्षं मी गप्प बसलो. आक्का, तू कुणालाही काही सांगितलं नव्हतंस. मलासुद्धा नाही.